मांजर म्याऊ करते, पुढे काय?

मोबाइलसाठी ॲप तयार करायला शिकवणारे ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन जगभरच्या शाळांत वापरले जाते. त्याच्या परिचित पहिल्या धड्यात पडद्यावर एक मांजर असते. त्याला बोट लावले की ते म्याऊ करते. हे थोड्या वेळात साधते, आणि फोनने आपले ऐकले याचा मुलांना होणारा आनंद खरा असतो. माझा आक्षेप त्या आनंदावर नाही; तिथेच थांबणाऱ्या अध्यापनावर आहे.

हे साधन गूगलने २०१० साली लोकांपुढे आणले. हॅल एबलसन आणि मार्क फ्रीडमन हे त्याचे प्रमुख कर्ते. २०११ अखेर गूगलने त्यातून अंग काढून घेतले आणि २०१२ पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने ते चालवले. मुळातली कल्पना मात्र जुनी. सेमूर पेपर्ट यांनी १९६०च्या दशकात सहकाऱ्यांसह ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवली आणि १९८०च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात आग्रह धरला, की संगणकाने मुलाला वळण लावण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे. ॲप इन्व्हेंटर त्याच परंपरेतले. इथे एखादे विरामचिन्ह चुकले म्हणून गाडी अडत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात.

या ठोकळ्यांचे व्याकरण मराठी कानाला ओळखीचे आहे. जेव्हा बटण दाबले जाईल, तेव्हा आवाज वाजव. मृगाचा पाऊस जेव्हा पडेल तेव्हा पेरणी, असे बोलणाऱ्या घरातल्या मुलीला ही रचना वेगळी शिकवावी लागत नाही. पण सांगणे सोपे झाले की काय सांगायचे, हा अवघड प्रश्न उरतोच.

इथे वर्ग आणि वस्तीतले गट यांच्या वाटा वेगळ्या होतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचे ठरवले. वर्गात बहुधा प्रश्न धड्यातून येतो आणि उत्तरही ठरलेले असते. धारावीत नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमातल्या मुलींनी याच साधनाने ॲप्स केली, तेव्हा प्रश्न त्यांच्या गल्लीतून आला. त्यांतले एक पाण्याचे होते: सार्वजनिक नळावर आपली पाळी आली की सूचना देणारे. मुलींचे कौतुक झाले, ते रास्तच. पण अशा ॲपमधला सर्वांत शिकवण्याजोगा भाग कौतुकात निसटून जातो.

तो भाग असा. समजा, रांगेची यादी ठेवायची आहे. ॲप इन्व्हेंटरमधल्या ‘टायनीडीबी’ या घटकात साठवलेली माहिती त्या एका फोनमध्येच राहते. यादी तिथे ठेवली, तर माझ्या फोनवर माझा पहिला नंबर आणि शेजारणीच्या फोनवर तिचा. ठोकळे बरोबर जुळलेले असतात, ॲप बिनतक्रार चालते, फक्त रांग खोटी असते. यादी सर्वांना दिसायची, तर ती ‘क्लाउडडीबी’सारख्या घटकातून दूरच्या सर्व्हरवर ठेवावी लागते. तिथे पोचलो की प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाहीत. नाव खोडायचा अधिकार कोणाला? फोन नसलेल्या आजींचा नंबर कोण लावणार? कोणत्या घरातली बाई कधी घराबाहेर असते, हे त्या यादीवरून कोणाकोणाला कळेल?

नळाच्या रांगेत हंडा ठेवून बाई कामाला जाते, तेव्हा तो हंडा हीच नोंद असते. ती सर्वांना दिसते, तिला फोन लागत नाही आणि भांडून का होईना, ती दुरुस्त करता येते. ॲपने हंड्याची जागा घ्यायची असेल, तर आधी हंडा काय काय काम करतो याचा अभ्यास हवा. या अभ्यासात वस्तीतल्या मुली शिक्षकाच्या पुढे असतात. तसे घडले, तर पेपर्ट यांच्या म्हणण्याला खरा अर्थ येतो.

आपल्या मूल्यमापनात याला जागा नाही. ‘टेक्नोव्हेशन’ ही मुलींसाठीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या परिसरातला प्रश्न निवडायला लावते, हे तिचे श्रेय. पण मोठ्या मुलींच्या गटाकडून ती व्यवसाय-आराखडाही मागते, आणि मग नळाच्या रांगेतही गिऱ्हाईक शोधावे लागते. शाळेतल्या प्रदर्शनात तर ॲप त्या दिवशी चालले की पुरते. महिन्याभराने ते कोण वापरते, बिघडले तर कोण सुधारते, हे विचारले जात नाही.

म्हणून मांजराच्या धड्यानंतरचा धडा दोन फोन आणि एका यादीचा असावा, असे मला वाटते. दोन फोनांवर दोन वेगळ्या रांगा दिसू द्याव्यात आणि मुलांना त्यावर भांडू द्यावे. यादी कुठे राहावी आणि ती कोणाच्या हाती असावी, हे त्यांनीच ठरवावे. सगळा विचार करून आपल्या नळाला ॲप नको, हंडाच बरा, असा निष्कर्ष एखाद्या गटाने कारणांसह मांडला, तर त्यालाही पूर्ण गुण द्यावेत.