झाड घेतले, चक्र राहून गेले

विमानांच्या प्रतिकृती बनवण्यासाठी वापरतात ते हलके बाल्सा लाकूड अनेकांच्या परिचयाचे आहे. हे झाड आपल्या काटेसावरीच्या कुळातले. मेक्सिकोतील चियापासच्या वर्षावनात राहणारे लाकांदोन माया शेतकरी त्याला ‘चुहूम’ म्हणतात आणि पडीक जमीन सुधारण्यासाठी त्याचे बी विखरून टाकतात. या ज्ञानाचा पडताळा घेणारा दाऊतरलुंगने, लेवी-ताचेर व सहकाऱ्यांचा निबंध २०१० साली ‘रिस्टोरेशन इकॉलॉजी’ या नियतकालिकात आला. शिक्षकांनी तो जरूर समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते. मात्र आमची एक तक्रारही आहे.

जंगल तोडून, वारंवार जाळून मोकळ्या झालेल्या जमिनीवर ब्रॅकन नावाचा नेचा माजतो. आगीत त्याची पाने जळतात, पण जमिनीखालचे आडवे खोड शाबूत राहते आणि पुन्हा फुटते. त्याच्या दाट सावलीत इतर रोपे तग धरत नाहीत. बाल्सा झपाट्याने वाढून रुंद पानांनी नेच्याचा प्रकाश अडवतो. प्रकाश नाही म्हणजे अन्न नाही. खोडातला साठा हळूहळू संपतो. सुरुवातीला मात्र नेचा वरचेवर कापावा लागतो, नाहीतर बाल्साचे रोपच गुदमरते.

शेतकऱ्यांचे म्हणणे लेखकांनी डोक्यावर घेतले नाही की उडवूनही लावले नाही. प्रत्यक्ष लागवड करून तपासले. हे मोलाचे आहे.

पण लाकांदोनांसाठी चुहूम हे सुटे औषध नव्हे. मक्यासोबत अनेक पिके घेणारी ‘मिल्पा’ शेती, मग पडीक काळ, मग पुन्हा रान, या चक्रातली ती एक पायरी आहे. पुढे कोणती झाडे राखायची, हेही त्याच ज्ञानात येते. प्रयोगासाठी एक झाड वेगळे काढावे लागते, हे मान्य. परंतु बाल्सा अल्पायुषी आहे. त्याची सावली विरण्यापूर्वी दुसरी झाडे उभी राहिली नाहीत, तर नेच्याला वाट मोकळीच. शिवाय ज्यांचे ज्ञान घेतले, त्यांच्या हाती हे चक्र चालवण्याइतकी जमीन आणि निर्णयाचा हक्क उरतो का? अशा प्रयोगाच्या चौकटीत हा प्रश्न मावत नाही.

आपले विद्यार्थी गावातल्या जाणत्यांकडून झाडांचे उपयोग टिपून आणतात. वहीत नाव आणि उपयोग एवढेच येते. ‘केव्हा? कशासोबत? त्यानंतर काय?’ हे तीन प्रश्नही त्यांना विचारायला लावू या. ज्ञान बहुधा त्या उत्तरांतच असते.