पन्नास वाव पाण्याचें घड्याळ

मनगटी घड्याळांच्या षोकिनांमध्यें पाणबुड्यांच्या घड्याळाचा मान कांहीं निराळाच आहे. सोन्याचीं, हिऱ्यांचीं, चंद्राच्या कला दाखविणारीं घड्याळें त्यांच्या संग्रहीं असतात. पण चार रसिक एकत्र जमले, भिंगें बाहेर निघालीं, आणि दिव्याच्या उजेडांत एकेक तबकडी तिरपी करून पाहणें सुरू झालें, म्हणजे बोलणें फिरून फिरून त्या काळ्या तबकडीच्या, जाड कड्याच्या, पोलादी घड्याळावर येऊन थांबतें. ह्या मंडळींपैकीं पुष्कळांनीं समुद्राचा तळ कधीं पाहिलेला नसतो. कित्येकांस पोहतांही येत नसेल. पावसाची सर आली तर दहा लाख रुपयांहून अधिक किंमतीचें, तीनशें मीटर पाण्यास दाद न देणारें तें घड्याळ बाहीखालीं लपविलें जातें. हें पाहून व्यवहारी माणसास हसूं येतें, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु हसूं आलें एवढ्यानें परीक्षण होत नाहीं. ज्या वस्तूचें एवढें कौतुक चालतें तिच्यांत खरोखर काय आहे, आणि कौतुक करणारे तिच्यांतील नेमक्या कोणत्या गुणावर लुब्ध आहेत, ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. आमच्या मतें वस्तु थोर आहे. कौतुक मात्र पुष्कळदां भलत्याच ठिकाणीं जाऊन बसलें आहे.

परीक्षणासाठीं आम्ही ह्या जातींतील मुख्यतः एकच घड्याळ घेतों: स्वित्झर्लंडमधील ब्लांपां ह्या कारखान्याचें, १९५३ सालीं निघालेलें ‘फिफ्टी फॅदम्स’. रोलेक्सचें ‘सबमरिनर’ही त्याच सालचें, आणि लोकप्रियता त्याच्याच वांट्यास अधिक आली, १९६२ सालच्या ‘डॉक्टर नो’ ह्या चित्रपटांत जेम्स बाँडच्या मनगटावर तेंच होतें. पण जन्मकथा पाहावयाची तर ब्लांपांची अधिक बोलकी आहे. फॅदम म्हणजे आपला वाव: दोन्ही हात पसरले असतां एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचें अंतर, सुमारें सहा फूट. पन्नास वाव म्हणजे तीनशें फूट, ९१ मीटरांच्या किंचित् वर. त्या काळच्या साधनांनिशीं पाणबुड्या जेवढा खोल उतरूं शकेल असें मानीत, तेवढाच हा आंकडा. घड्याळाचें नांव मनुष्यदेहाच्या मापावरून ठेवलें गेलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पूर्वीं खोल पाण्यांत काम करणारा पाणबुड्या बहुधा धातूचें शिरस्त्राण घालून उतरे. त्याला हवा वरच्या नावेंतील पंपानें नळींतून मिळे, आणि किती वेळ झाला याचा हिशेबही वरचींच माणसें ठेवीत. १९४३ सालीं झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां ह्या दोघांनीं पाठीवरच्या नळकांड्यांतील हवा लागेल तशी पुरविणारें यंत्र सिद्ध केलें, आणि पाणबुड्या माशासारखा मोकळा झाला. मोकळा झाला, तसाच एकटाही झाला. दहा मीटर खालीं गेलें कीं दाब दुप्पट होतो, तीस मीटरांवर चौपट. जी हवा पृष्ठभागीं एक तास पुरावी ती तेथें पाव तासांत संपते. शिवाय दाबाखालीं रक्तांत व मांसांत नायट्रोजन मुरतो, आणि माणूस घाईनें वर आला तर तो वायु बुडबुड्यांच्या रूपानें सुटून सांधे धरतो, प्रसंगीं प्राणही घेतो. किती खोलीवर किती मिनिटें राहिलें असतां वर येतांना कोठें किती थांबावें, याचीं कोष्टकें हॉल्डेन व त्याचे सहकारी यांनीं १९०८ सालींच प्रसिद्ध केलीं होतीं. पण कोष्टक वाचावयाचें तर मिनिटें ठाऊक पाहिजेत, आणि तीं सांगणारें आतां वर कोणी उरलें नव्हतें.

ब्लांपांचा त्या वेळचा प्रमुख झां-झाक फिश्टर हा स्वतः हौशी पाणबुड्या होता. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एकदां बुडी घेतली असतां वेळेचें भान सुटलें, हवा खालींच संपली, आणि तो कसाबसा वर आला. घड्याळाची कल्पना त्या धास्तींतून निघाली. तिकडे फ्रेंच आरमाराचें पाण्याखालून लढणाऱ्या पोहणारांचें पथक उभारणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हेही अशाच घड्याळाच्या शोधांत होते. बाजारांतलीं घड्याळें त्यांच्या परीक्षेस उतरलीं नव्हतीं. काळी तबकडी, ठसठशीत खुणा आणि भोंवतीं फिरतें कडें, ही त्यांची मागणी. एकाची धास्ती आणि दुसऱ्यांची निकड ह्यांचा मेळ बसला व घड्याळ झालें.

आतां तें घड्याळ एखादें चांगलें पद वाचावें तसें शब्दशः वाचून पाहावें. तबकडी काळी, कारण गढूळ अंधारांत फिकट खुणा काळ्यावरच उठून दिसतात. बाराच्या जागची खूण इतरांहून वेगळी, कारण खालीं माणसास दिशेचें भान राहत नाहीं, आणि घड्याळ सुलटें धरलें आहे कीं उलटें हें एका दृष्टिक्षेपांत कळलें पाहिजे. मनगटाच्या हालचालीनें घड्याळाला आपोआप किल्ली बसते, ती चैनीसाठीं नव्हे. रोज रोज किल्ली हाताळली तर तिच्या बुडाचें रबर झिजेल व पाणी आंत शिरेल, म्हणून. त्या किल्लीस रबराचीं कडीं एक नव्हे, दोन आहेत, कारण पाण्याखालीं ती चुकून बाहेर ओढली गेली तरी दुसरें कडें पाणी अडवील. यंत्राभोंवतीं मऊ लोखंडाचें कवच, कारण चुंबकाच्या सान्निध्यांत काम करणाऱ्याचें घड्याळ चुंबकानें बिघडतां कामा नये. एकही अक्षर भरतीचें नाहीं.

ह्या सर्वांत गोड गोष्ट त्या बाहेरच्या कड्याची. उतरतांना कड्यावरील शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावयाची. मग काटा कड्यावर ज्या आंकड्याशीं येईल तितकीं मिनिटें गेलीं. बेरीज नाहीं, वजाबाकी नाहीं. थंडीनें बधिर झालेल्या डोक्यासही हें कळतें. पण हें कडें धक्का लागून आपोआप फिरलें तर? म्हणून तें दाबल्यावांचून फिरूं नये अशी योजना फिश्टरनें केली. पुढें ह्या जातीच्या घड्याळांत कडें एकाच दिशेनें फिरूं लागलें. हेतु असा कीं, तें सरकलेंच तर गेलेला वेळ खऱ्याहून अधिक दिसेल, कमी कधींच दिसणार नाहीं; माणूस फार तर लवकर वर येईल. चुकावयाचेंच तर जिवाच्या बाजूनें चुकावें, एवढी माया दांत्यांच्या एका चक्रांत बसविली आहे. आमच्या साहित्यशास्त्रांत औचित्य म्हणून जो गुण क्षेमेंद्रानें काव्याचा प्राण म्हणून गणला, त्याचें ह्याहून चोख उदाहरण निर्जीव वस्तूंत आम्हांस तरी सुचत नाहीं.

हें घड्याळ आतां पाणबुड्यास फारसें लागत नाहीं, हें खरें आहे. १९८३ सालापासून खोली, वेळ आणि नायट्रोजन ह्या तिहींचा हिशेब स्वतःच करणारीं विजेचीं यंत्रें बाजारांत येऊं लागलीं. वेळेच्या अचूकपणाविषयीं तर बोलावयासच नको: उत्तम यांत्रिक घड्याळानें दिवसास सरासरी चार सेकंदांहून अधिक मागें वा सहा सेकंदांहून अधिक पुढें जाऊं नये, एवढ्यावर त्यास प्रमाणपत्र मिळतें, साधें स्फटिकाचें घड्याळ सबंध महिन्यांत पंधरावीस सेकंदच चुकतें. ‘मग हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न विचारणारांस आमचें उत्तर एवढेंच कीं, पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांतील अडकित्ते पाहून थक्क होणाऱ्यास ‘तुम्ही विडा खातां काय?’ असें कोणी विचारीत नाहीं. गरज सरली तरी गरजेनें घडविलेला घाट उरतो, आणि तो पाहण्यासारखा असतो. कडें कां फिरतें आणि कां फिरत नाहीं, हें ज्या रसिकास ठाऊक आहे त्याच्या कौतुकाला आम्ही मान देतों, मग तो आयुष्यांत गुडघाभर पाण्यांतही उतरला नसेना का.

आमचें भांडण आहे तें आंकड्यांच्या भक्तांशीं. हौशी पाणबुड्यांस शिकविणाऱ्या संस्था साधारणतः चाळीस मीटरांची मर्यादा घालून देतात. तरी शंभर मीटरांचें घड्याळ तीनशेंचें झालें. २००८ सालीं रोलेक्सनें ३,९०० मीटरांचें काढलें. २०२२ सालीं ११,००० मीटरांचें विक्रीस आलें. समुद्राचा सर्वांत खोल तळही त्याहून थोडा वरच लागतो! समुद्रतळावरील तेलाच्या कामांसाठीं दिवसेंदिवस दाबांत राहणाऱ्या धंदेवाईक पाणबुड्यांस अधिक कणखर घड्याळ लागे, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यांची खोलीही शेंकड्यांनीं मोजावयाची, हजारांनीं नव्हे. अतिशयोक्ति हा अलंकार खरा. तथापि नायिकेची कंबर बारीक करितां करितां कवीनें ती पार नाहींशीच करावी, तशांतला हा प्रकार आहे.

ह्या आंकड्यांच्या मागें ज्या पराक्रमकथा भक्तिभावानें सांगितल्या जातात त्याही जरा निरखून पाहाव्या. २३ जानेवारी १९६० रोजीं झाक पिकार व डॉन वॉल्श हे ‘त्रिएस्त’ नांवाच्या यानांतून पॅसिफिक महासागरांतील मारियाना गर्तेच्या तळाशीं, सुमारें १०,९०० मीटर खोल, पोंचले. रोलेक्सचें एक खास घड्याळ यानाच्या बाहेरच्या अंगास बांधलेलें होतें. तें चालत वर आलें. २०१२ सालीं जेम्स कॅमेरॉन तेथेंच एकटा उतरला. त्या वेळीं रोलेक्सचें घड्याळ यानाच्या यंत्रहस्तावर होतें. दोन्ही खेपेस माणसें जाड पोलादी गोळ्याच्या आंत कोरडीं बसलीं होतीं. त्या पाण्यांत घड्याळ होतें, मनगट नव्हतें.

आणि ह्या परंपरेचा आरंभ तर मर्सिडीज ग्लाइट्स हिच्या गळ्यांतून झालेला. लंडनमध्यें टंकलेखिका असलेली ही तरुणी ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं इंग्लिश खाडी पोहून गेली. असें करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका बाईनें तसाच दावा केला, तो खोटा निघाला, आणि त्या लबाडीची सावली हिच्यावरही पडली. संशय फेडण्यासाठीं २१ ऑक्टोबरला ती पुन्हां पाण्यांत उतरली. ह्या वेळीं रोलेक्सचें नवें ‘ऑयस्टर’ तिच्या गळ्यांत होतें. अतिशय थंड पाण्यांत दहा तासांहून अधिक वेळ ती झुंजली. शेवटीं पलीकडचा किनारा न गांठतांच तिला नावेंत ओढून घ्यावें लागलें. तिची जिद्द पाहून पहिल्या पोहण्याविषयींचा संशय मात्र फिटला. घड्याळ चालूच होतें. पुढच्या महिन्यांत ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली, आणि तेव्हांपासून ही कथा घड्याळाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. जिनें हातपाय मारले ती हरली, आणि जें नुसतें गळ्यांत लोंबत होतें तें जिंकलें! षोकिनांच्या बैठकींत तिचें नांव निघतें तें बहुधा एका वाक्यापुरतें. मग पेंच, रबर आणि डबी यांच्याकडे वळतात. फिश्टरच्या घड्याळाची गोष्ट आम्हांस अधिक भावते ती ह्यामुळेंच, कीं तींतून माणूस वगळला तर गोष्टच उरत नाहीं.

जुन्या घड्याळांच्या बाजारांत ही रसिकता आणखीच आडवाटेला लागली आहे. उन्हानें व काळानें काळी तबकडी विटून तपकिरी झाली तर तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि जास्त दाम मोजतात. खुणांवरचें चमकतें द्रव्य पिवळें पडलेलें पाहिजे, कडें फिकटलेलें पाहिजे. आणि मूळच्या मालकानें दुरुस्तीस देऊन नवे काटे बसवून घेतले असतील तर किंमत उतरते. म्हणजे ज्या घड्याळाची निगा राखली गेली तें हलकें आणि ज्याची हेळसांड झाली तें मौल्यवान्! जुन्या पितळेवर चढलेल्या रंगाचें सौंदर्य आम्हांस कळत नाहीं असें नव्हे. पण एका उदाहरणानें आम्हांस थक्क केलें. सुरुवातीस ह्या घड्याळांच्या खुणा रेडियमनें चमकत. तें द्रव्य अपायकारक म्हणून सोडण्यांत आलें. १९६५ च्या सुमारास कांहीं ‘फिफ्टी फॅदम्स’च्या तबकडीवर किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण काढून तिच्यावर काट मारलेली असे. ह्यांत रेडियम नाहीं, निर्धास्तपणें वापरा, एवढाच तिचा अर्थ. २०२१ सालीं ब्लांपांनें त्याच तबकडीची मर्यादित आवृत्ति काढली, आणि तिच्यावरच्या खुणांना रंग दिला तो जुन्या, पिवळटलेल्या रेडियमचा! खालीं ‘रेडियम नाहीं’ अशी पाटी, आणि भोंवतीं रेडियमचें सोंग. एखाद्या प्रहसनकाराच्या हातीं हें लागतें तर त्यानें त्याचें सोनें केलें असतें.

ब्लांपां ज्या उद्योगसमूहांत आहे त्यांतल्याच स्वॉच ह्या स्वस्त घड्याळांच्या कारखान्यानें सप्टेंबर २०२३ मध्यें ‘फिफ्टी फॅदम्स’ची एक रंगीत आवृत्ति बाजारांत आणली. डबी प्लॅस्टिक व मृत्तिका यांच्या मिश्रणाची, पांच महासागरांच्या नांवांचे पांच रंग, आणि किंमत मूळ घड्याळाच्या मानानें अगदींच थोडी. मानी संग्राहकांनीं नाकें मुरडलीं. आम्ही मात्र तिच्या एका गोष्टीवर खूष आहों. ब्लांपांचें आजचें पोलादी घड्याळ तीनशें मीटर सांगतें; त्याच वर्षीं त्यांनीं सोनें मिसळलेल्या काशाचेंही एक काढलें. परंतु पाण्याची मर्यादा नेमकी ९१ मीटर, म्हणजे पन्नास वाव, ठेवली ती ह्या प्लॅस्टिकच्या पोरानें. नांव आणि वस्तु यांचा संसार तेथें तरी टिकला. दोष त्याचा हा कीं, आंतलें यंत्र उघडून दुरुस्त करतां येत नाहीं. बिघडलें कीं संपलें. फिश्टरच्या काळचीं घड्याळें सत्तर वर्षांनींही उघडून, पुसून, तेल घालून चालू करतां येतात; तें भाग्य ह्याच्या कपाळीं नाहीं. मागच्या पारदर्शक झांकणांतून आंत फिरणारी चकती दिसते, आणि तिच्यावर त्या त्या महासागरांतील एकेका रंगीत, कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीचें चित्र छापलेलें आहे. मनगटावर असतां तें दिसत नाहीं. घड्याळ काढून उलटें धरावें लागतें.