नांवाचा पुरावा आणि गांवाचें वय

इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांत, लेस्टर शहराच्या दक्षिणेस, विग्स्टन मॅग्ना नांवाचें गांव आहे. विल्यम जॉर्ज हॉस्किन्स यांनीं ‘द मिडलंड पेझंट’ (१९५७) ह्या ग्रंथांत त्या एका गांवाचा इतिहास सांगितला. राजे व लढाया बाजूस ठेवून शेतकरी, त्याची जमीन व त्याचें घर एवढ्यांवर इतिहास उभा राहूं शकतो, हें ह्या ग्रंथानें सिद्ध केलें. खतें, मृत्युपत्रें व मयतांच्या चीजवस्तूंच्या याद्या तपासून त्यांनीं लहान खातेदारांचा समाज डोळ्यांसमोर उभा केला. अठराव्या शतकांत सामाईक शेतांस कुंपणें पडल्यावर तो कसा मोडला, हेंही दाखविलें. हा भाग निःसंशय भक्कम आहे.

शंका आहे ती आरंभकाळाविषयीं. १०८६ च्या ‘डूम्सडे’ दप्तराच्या मागें गेलें कीं कागद बहुतेक संपतात व ग्रामनामांवर भिस्त ठेवावी लागते. ‘टन’ हें अंत्यपद असलेलें गांव अँगल लोकांनीं वसविलें, ‘बी’ असलेलें डेन लोकांनीं, अशी ही जुनी रीत. येथें एक भेद सुटतो. नांव हें नांव देणाऱ्याच्या भाषेचा पुरावा आहे. वसाहतीच्या जन्माचा नव्हे. केनेथ कॅमेरन यांनीं हेंच निराळ्या वाटेनें दाखविलें. डेन व्यक्तिनाम आणि ‘टन’ अशीं मिश्र नांवें ज्यांस आहेत, तीं गांवें बहुधा उत्तम जमिनीवर आहेत. अर्थात् तीं मूळचीं इंग्रजी असून धनी बदलल्यावर त्यांचें नांव बदललें, असा त्यांचा निष्कर्ष.

दुसरी अडचण ‘गांव’ ह्या कल्पनेचीच. लुइस, मिचेल-फॉक्स व डायर यांनीं १९९७ च्या ग्रंथांत लेस्टरशायरसह चार परगणे तपासले. त्यांच्या मतें विखुरलेल्या वाड्या एकत्र येऊन एकवट गांवें बनण्याचें काम सुमारें इ. स. ८५० ते १२०० ह्या दीर्घ काळांत झालें. मग सहाव्या शतकांतील वसाहतकारांनीं आजचें गांव स्थापिलें, असें म्हणतां येत नाहीं. खुद्द हॉस्किन्स यांनींही आपल्या ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ (१९५५) ह्या ग्रंथांतील कालनिर्णय पुढें मागें सारले, हें त्यांच्या सत्यनिष्ठेस भूषणावह आहे.

आपल्याकडे हा वाद परका नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ ठरवितांना ग्रामनामांची व्युत्पत्ति हेंच मुख्य साधन मानिलें. त्यांच्या बुद्धीविषयीं पूर्ण आदर ठेवून म्हणावें लागतें कीं, तेथेंही तोच हेत्वाभास आहे. करहाटकाचें कऱ्हाड झालें, हें व्याकरण सांगेल. त्या स्थळीं पहिली चूल केव्हां पेटली, हें सांगणार नाहीं. संस्कृत रूप दिसलें म्हणजे आर्यांची वसाहत सांपडली, असें मानल्यास नांवापूर्वी तेथें नांदलेलीं माणसें इतिहासांतून नाहींशीं होतात. हा दोष केवळ तर्काचा नसून न्यायाचाही आहे.

म्हणून ग्रामेतिहास लिहूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं हॉस्किन्स यांचा ग्रंथ अवश्य वाचावा, खतें वाचण्याची त्यांची शिस्त उचलावी. परंतु कोश उघडण्यापूर्वी गांवाची पांढर पाहावी, आणि काळींत नांगरानें वर आलेलीं खापरें वेंचावीं.