आयटोआ : सी भाषेचे की एका कंपायलरचे?

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत सी भाषा वर्षानुवर्षे टर्बो सी या कंपायलरवर शिकवली गेली. त्यातून एक समज रुजला : संख्येची अक्षरमाला, म्हणजे स्ट्रिंग, करायची तर ‘आयटोआ’ हे फंक्शन वापरावे. पण तीच आज्ञावली लिनक्सवर नेली, की आयटोआ सापडत नाही असा संदेश येतो आणि विद्यार्थी स्वतःची चूक शोधत बसतो.

चूक त्याची नसते. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात आयटोआ आहे, पण ‘डू-व्हाइल’ समजावण्यासाठी लिहून दाखवलेले उदाहरण म्हणून. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात त्याला स्थान नाही. बोरलँडच्या टर्बो सीने मात्र ते आयते दिले.

प्रमाणात आहे ते ‘एसप्रिंटएफ’. पूर्वी तेही सर्वत्र सारखे नव्हते. जुन्या बर्कली युनिक्सवर ते अक्षरमालेचा पत्ता परत देई, सिस्टिम फाइव्हवर अक्षरांची संख्या. प्रमाणाने दुसरी रीत स्वीकारली.

खरा धोका जागेचा आहे. टर्बो सीत ‘इंट’ १६ बिटांचा असतो. उणे ३२७६८ ला शेवटच्या शून्य-अक्षरासह ७ जागा पुरतात. आजच्या युनिक्स प्रणालींवर इंट सहसा ३२ बिटांचा असतो, तेथे १२ जागा लागू शकतात. सातच ठेवल्या तर एसप्रिंटएफ निमूटपणे शेजारच्या स्मृतीवर लिहिते. १९९९ च्या प्रमाणातील ‘एसएनप्रिंटएफ’ला जागेची मर्यादा सांगता येते, आणि किती अक्षरे लागली असती तेही ते कळवते.

उलट दिशेचे उदाहरण वर्गात करून पाहावे. महागावचा पिनकोड ४४५२०५. तो टर्बो सीच्या इंटमध्ये ठेवला तर उणे १३५४७ उमटते. ६५५३६ ने भागल्यास बाकी ५१९८९ उरते. ती ३२७६७ हून मोठी, म्हणून तीतून ६५५३६ वजा होतात.

आक्षेप टर्बो सीवर नाही. भाषा कोणती आणि कंपायलरची सोय कोणती, हा भेद न सांगण्यावर आहे. आयटोआ गाळू नये. ते विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे : दहाने भागा, बाकी ठेवा, शेवटी क्रम उलटा करा. मग उणे ३२७६८ देऊन पाहावे. १६ बिटांत अधिक ३२७६८ मावतच नाही, त्यामुळे आधी चिन्ह बदलणारी आज्ञावली येथे अडखळते. प्रत्यक्ष कामासाठी मात्र एसएनप्रिंटएफच शिकवावे.