हिमनदीचे मुख की वस्तुमान? : हिमालयातील हिमनदी-मापनाच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना

हिमालयातील हिमनद्यांविषयी झालेल्या वादांपैकी २००७ ते २०१० या काळातील वाद सर्वाधिक गाजला. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) २००७ च्या चौथ्या मूल्यमापन अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता वर्तविण्यात आली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने एक चर्चा-निबंध प्रसिद्ध केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना यांनी लिहिलेल्या या निबंधात हिमनद्यांच्या माघारीत काही असाधारण आढळत नाही, असा सूर होता. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने २०३५ च्या विधानाबद्दल खेद व्यक्त केला आणि वाद मिटला, असा सर्वसाधारण समज झाला.

प्रत्यक्षात वादाचा गाभा अनिर्णितच राहिला. दोन्ही बाजूंचे निष्कर्ष परस्परविरोधी होते, तरी त्यांच्यात एक उणीव समान होती. हिमनदीत बर्फ किती आहे आणि तो किती वेगाने घटतो आहे, या मूळ प्रश्नाचे उत्तर दोघांनीही दुय्यम लक्षणांवरून काढले. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली असून, वस्तुमान मापनाने कोणते उत्तर दिले आणि त्या उत्तरालाही कोणत्या मर्यादा आहेत, याचा विचार केला आहे.

दोन दावे, एक उणीव

आयपीसीसीच्या विधानाला समीक्षित संशोधनाचा आधार नव्हता. ते जागतिक वन्यजीव निधीच्या २००५ च्या एका अहवालातून घेतले होते. त्याच परिच्छेदात हिमनद्यांचे क्षेत्रफळ ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असेही म्हटले होते. हिमालय आणि काराकोरम मिळून हिमनद्यांचे क्षेत्र सुमारे ४० हजार चौरस किलोमीटर आहे. यावरून तो आकडा हिमालयाचा असू शकत नाही, हे सामान्य पडताळणीतही लक्षात यावयास हवे होते.

रैना यांच्या निबंधाची बैठक याहून भक्कम होती. सर्वेक्षण विभागाने दीर्घकाळ केलेली क्षेत्रीय निरीक्षणे त्यात एकत्र आली आणि प्रत्यक्ष नोंदींविना भाकिते करू नयेत, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. मात्र ज्या उदाहरणांमुळे निबंध गाजला, ती मुख्यतः हिमनदीच्या मुखाची होती. गंगोत्री हिमनदीचे मुख २००० पर्यंत वर्षाला सरासरी सुमारे २० मीटर मागे सरकत होते. नंतर हा वेग मंदावला आणि सप्टेंबर २००७ ते जून २००९ या काळात मुख जवळजवळ स्थिर राहिले, असे निबंधात नमूद आहे. हे निरीक्षण खरे मानले तरी त्यावरून हिमनदी सुस्थितीत आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

मुख काय सांगते, काय सांगत नाही

हिमनदी हा जमाखर्चाचा व्यवहार आहे. वरच्या भागात हिमवृष्टीने जमा होते, खालच्या भागात वितळण्याने खर्च होतो आणि या दोहोंतील वार्षिक फरक म्हणजे वस्तुमानाचा ताळेबंद. तो ‘मीटर जलतुल्य’ या एककात सांगतात. घटलेले वस्तुमान पाण्याच्या रूपात संपूर्ण हिमनदीवर पसरले, तर त्या थराची जाडी किती होईल, हे त्यातून कळते.

मुखाची हालचाल हा या ताळेबंदाचा विलंबाने दिसणारा परिणाम असतो. गंगोत्रीसारख्या सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीत आजच्या तुटीचा परिणाम गोमुखापर्यंत पोहोचण्यास दशके लागतात. शिवाय अशा हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगडमातीचे जाड आवरण असते. या आवरणामुळे मुखाजवळचा बर्फ सावकाश वितळतो. मुख जागेवर राहते आणि वरील भागाची जाडी मात्र घटत जाते. दाट आवरण असलेल्या हिमनद्यांची मुखे बहुधा स्थिर दिसतात, हे शेर्लर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. २०१२ मध्ये केब व सहकाऱ्यांनी उपग्रहावरील लेसर मापनाच्या आधारे दाखविले की, प्रादेशिक पातळीवर आच्छादित आणि उघड्या बर्फाची जाडी जवळपास सारख्याच वेगाने घटत आहे. स्थिर मुखावरून काढलेल्या आश्वासक निष्कर्षाचा आधारच यामुळे निसटतो.

छोटा शिग्रीची साक्ष

सर्वेक्षण विभागाने हिमाचल प्रदेशातील गारा हिमनदीवर १९७४ मध्येच वस्तुमान मापन सुरू केले होते. म्हणजे पद्धत अपरिचित नव्हती, सातत्य नव्हते. २००२ पासून लाहौल-स्पितीतील छोटा शिग्री या सुमारे ९ किलोमीटर लांबीच्या हिमनदीवर भारतीय व फ्रेंच संशोधकांनी सलग नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. बर्फात बांबूच्या काठ्या रोवून वितळण मोजायची आणि उंचावर खड्डे खणून वर्षभरात साचलेल्या हिमाची जाडी व घनता पाहायची, ही ती पद्धत होय.

पहिल्या चार वर्षांचे आकडे उणे १.४, उणे १.२, अधिक ०.१ आणि उणे १.४ मीटर जलतुल्य असे होते. केवळ २००४-०५ हे वर्ष पाहणाऱ्यास हिमनदी वाढताना दिसली असती. २००२ ते २०१० या काळाची वार्षिक सरासरी मात्र उणे ०.६७ निघाली. त्याहून महत्त्वाची बाब १९८८ आणि २०१० च्या पृष्ठभाग-उंचीच्या तुलनेतून पुढे आली. या २२ वर्षांत एकूण घट ३.८ मीटर जलतुल्य इतकीच होती; अर्थात २००२ पूर्वीच्या काळात हिमनदी बहुतांशी समतोलात होती. हा निष्कर्ष अखंड, वेगवान विनाशाच्या कथनात बसत नाही आणि काही घडतच नसल्याच्या कथनातही बसत नाही.

वस्तुमानाचा आकडाही प्रमाण नव्हे

वस्तुमान मापन निर्दोष आहे, असे मानणेही अशास्त्रीय ठरेल. काठ्यांची पद्धत माणूस पोहोचू शकेल अशा मोजक्या हिमनद्यांपुरती मर्यादित राहते. उंचीतील बदलावरून वस्तुमान काढताना घनता गृहीत धरावी लागते. त्यासाठी बहुधा घनमीटरला ८५० किलोग्रॅम, अधिक-उणे ६०, हे मूल्य वापरले जाते. गुरुत्वाकर्षणातील बदल टिपणाऱ्या ‘ग्रेस’ या उपग्रह-जोडीला तर बर्फाची घट आणि उत्तर भारताच्या मैदानातील भूजलाची घट सहजासहजी वेगळी करता येत नाही.

२०१२ मध्ये ‘ग्रेस’च्या आधारे जेकब व सहकाऱ्यांनी आशियातील उंच पर्वतांसाठी २००३ ते २०१० या काळात वार्षिक घट ४ अब्ज टन, अधिक-उणे २० अब्ज टन, अशी दिली. याचा अर्थ २४ अब्ज टन घटीपासून १६ अब्ज टन वाढीपर्यंत काहीही शक्य होते. काही वृत्तपत्रांनी मात्र ‘हिमालयात बर्फ घटलाच नाही’ असा अर्थ लावला. अनिश्चितता हीच वस्तुस्थिती मानण्याची ही चूक होती. पुढे ब्रन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपग्रह-प्रतिमांवरून २००० ते २०१६ साठी वार्षिक १६.३ अब्ज टन, अधिक-उणे ३.५, अशी घट काढली. मॉरर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शीतयुद्धकालीन हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे वापरून ६५० हिमनद्या तपासल्या. त्यांत १९७५-२००० मधील वार्षिक सरासरी घट ०.२२ मीटर जलतुल्य, तर २०००-२०१६ मधील घट ०.४३ आढळली. वेग सुमारे दुप्पट झाला, ही बाब आता भिन्न पद्धतींच्या परस्पर पडताळणीवर उभी आहे.

निष्कर्ष

हा वाद केवळ तांत्रिक नाही. वस्तुमान घटत असताना नदीला काही काळ अधिक पाणी मिळते आणि साठा आटल्यावर ते कमी होते. म्हणून आज भरलेल्या प्रवाहावरून वा स्थिर मुखावरून धरणे, जलविद्युत व सिंचन यांचे नियोजन करणे म्हणजे मुद्दल खर्चून त्यालाच उत्पन्न समजणे होय. २०३५ च्या भाकिताने भीती निर्माण केली आणि ते खोटे ठरताच खऱ्या इशाऱ्याचीही विश्वासार्हता घटली. मुखाच्या आधारे दिलेल्या आश्वासनाने दीर्घकालीन मापनाची निकड झाकली. दोन्हींची किंमत एकच होती, ती म्हणजे गमावलेला वेळ.

पाठ्यपुस्तकांत आणि वर्गात अद्यापही मुखाच्या माघारीचे चित्र हाच मुख्य पुरावा म्हणून दाखविला जातो. त्यासोबत चार प्रश्न विचारले जाणे अगत्याचे आहे : काय मोजले, कोणत्या पद्धतीने, कोणत्या वर्षांत आणि किती अनिश्चिततेसह? या चार प्रश्नांची उत्तरे न देणारा आकडा, मग तो भयसूचक असो वा दिलासादायक, अध्यापनात पुरावा म्हणून स्वीकारला जाऊ नये.