माकडाच्या डोळ्यातील दाब : एका आकड्याची चिकित्सा

काचबिंदूच्या संशोधनात माकडास जे स्थान प्राप्त झाले आहे, ते निष्कारण नव्हे. डोळ्यातील जलद्रव ज्या जाळीतून झिरपतो तिची रचना माणसात व माकडात जवळजवळ सारखीच असते. शिवाय रोमक स्नायूतून जाणारी जलद्रवाची दुसरी वाट आंडेर्स बिल यांनी १९६५ साली माकडांतच दाखविली, आणि अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेले लॅटानोप्रोस्ट मुख्यतः त्याच वाटेने दाब उतरविते.

एवढ्या कार्याचा आधार असलेले दाबमापन मात्र कित्येक निबंधांत एका वाक्यात उरकलेले आढळते : केटामीन देऊन दाब मोजला. किती मात्रा, किती मिनिटांनी, कोणत्या प्रहरी, याचा उल्लेख नसतो. भुलीने दाब बदलू शकतो. भूल न देता जनावर धरून ठेवावे तर त्या झटापटीनेही तो चढतो.

उपकरणाची गोष्ट याहून नाजूक आहे. गोल्डमान यांचा मापक स्वच्छमंडलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याचा, ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करण्यास लागणारे बल मोजतो. या व्यासास पडद्याचा ताठरपणा व अश्रूंची ओढ एकमेकांना खोडून काढतात. पण हा हिशेब मानवी डोळ्याचा. ऱ्हीसस माकडाचे स्वच्छमंडल लहान व अधिक वक्र असते. तेथेही तोच समतोल राहील असे मानणे म्हणजे मोजण्यापूर्वीच उत्तर लिहून ठेवणे होय. डोळ्यात सूक्ष्म नळी घालून, ज्ञात दाबाशी मापकाचे वाचन ताडून पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. हलकी सळई आदळवून तिच्या उसळीवरून दाब काढणारा नवा मापक सरावलेल्या माकडावर भुलीवाचून चालतो, हे इष्टच. पडताळणीतून मात्र त्याचीही सुटका नाही.

डाउन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली माकडांत संवेदक बसवून डोळ्यातील दाबाची अखंड नोंद घेतली, तेव्हा दाब तासातासाला, किंबहुना पापणी लवताक्षणीही हलताना दिसला. या नोंदीपुढे आठवड्यातील एका वाचनाची किंमत काय, हे वाचकांनीच ठरवावे.

गास्टरलँड व कुप्फर यांनी १९७४ साली लेसरने जाळी भाजून माकडात काचबिंदू निर्माण करण्याची रीत वर्णिली. अशा डोळ्यांत दाब नुसता वाढत नाही, तो फार हेलकावतो. दोन वाचनांमधील उंच लाटा निसटल्या, तर नेत्रतंतूंची हानी अल्प दाबाने झाली असे भासेल, आणि ते तंतू मुळातच दुबळे असल्याचा निष्कर्ष निबंधात जाईल. तो तपासण्यासाठी पुन्हा नवी माकडे लागतील.