‘कासव’ आणि ‘डिअर जिंदगी’ : साहाय्यकाच्या प्रतिमेचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

मानसिक आरोग्य हा विषय भारतीय चित्रपटांत पूर्वीपासून आढळतो. परंतु बऱ्याच काळापर्यंत तो वेडसरपणाचे विनोदी किंवा भीतिदायक चित्रण करण्यापुरताच मर्यादित होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा छिन्नमनस्कतेसंबंधीचा चित्रपट मराठीतील महत्त्वाचा अपवाद होय. २०१६ या एकाच वर्षातील दोन चित्रपटांनी मात्र रुग्णापेक्षा वेगळाच प्रश्न पुढे आणला. रुग्णाला मदत करणारी व्यक्ती कोण असावी आणि तिचा अधिकार कशातून येतो, हा तो प्रश्न होय. भावे-सुकथनकर यांचा ‘कासव’ आणि गौरी शिंदे यांचा हिंदी चित्रपट ‘डिअर जिंदगी’ या दोन्ही कलाकृती पश्चिम किनाऱ्यावर घडतात. एकीच्या पार्श्वभूमीला कोकण आहे, तर दुसरीच्या पार्श्वभूमीला गोवा. ‘कासव’ला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथापटाचे सुवर्णकमळ मिळाले, ‘डिअर जिंदगी’ला देशभर मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. प्रस्तुत लेखात या दोन्ही चित्रपटांतील साहाय्यकाच्या प्रतिमेची तुलना करून त्यांतील एका समान उणिवेकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आहे.

‘कासव’ : विनाअट आश्रय

‘कासव’मधील मानव हा आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण आहे. जानकी त्याला आपल्या घरी आणते. ती डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. मात्र ती स्वतः मानसिक पडझडीतून गेलेली आहे. ती त्याला प्रश्न विचारत नाही, उपदेश करीत नाही. अन्न, निवारा, शांतता आणि सोबत एवढेच ती देऊ करते. किनाऱ्यावर दत्ताभाऊ कासवांच्या अंड्यांचे रक्षण करतात. संवर्धनाच्या कामात घरट्यांना संरक्षण दिले जाते, परंतु अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले वाळूवरून स्वतःच चालत समुद्रात जातात. या प्रक्रियेतून चित्रपटाचे आशयसूत्र आकाराला येते : संरक्षण द्यावे, पण चालणे ज्याचे त्यानेच करावे.

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचारासाठी आवश्यक मानलेली विनाअट स्वीकार व सहानुभूतीची तत्त्वे जानकीच्या वागण्यात सहजपणे उतरलेली दिसतात. येथे एक बाब लक्षणीय आहे. दत्ताभाऊंची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे प्रत्यक्ष जीवनात मानसोपचारतज्ज्ञ असून त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले आहे. तरीही या चित्रपटात ते तरुणाचे डॉक्टर नाहीत. तज्ज्ञतेपेक्षा माणुसकीला अग्रस्थान देण्याची दिग्दर्शकद्वयाची भूमिका यातून अधोरेखित होते.

ही भूमिका कलात्मकदृष्ट्या प्रभावी असली, तरी तिच्यात एक धोका संभवतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीच्या बाबतीत पुन्हा तसा प्रयत्न होण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. मानवची प्रकृती अधिक बिघडली असती तर जानकीने कोणाला विचारावयाचे होते? आणि मानवच्या सहवासात तिच्या स्वतःच्या जुन्या जखमा उघड्या झाल्या असत्या, तर तिला कोणी सावरावयाचे होते? चित्रपटाचा भर आश्रयावर असल्याने हे प्रश्न त्याच्या मध्यवर्ती येत नाहीत. प्रेक्षक मात्र ‘प्रेम पुरेसे असते’ असा सोपा निष्कर्ष घेऊन बाहेर पडू शकतो.

‘डिअर जिंदगी’ : उपचारक की मार्गदर्शक?

गौरी शिंदे यांच्या चित्रपटात व्यावसायिक उपचारक केंद्रस्थानी आहे. मुंबईत छायाचित्रणकार म्हणून काम करणारी कायरा निद्रानाशाने त्रस्त होऊन गोव्यात डॉ. जहांगीर खान यांच्याकडे जाते. मानसोपचार घेणे ही लाजिरवाणी गोष्ट नाही, हे लोकप्रिय नटाच्या मुखातून सांगणे ही या चित्रपटाची मोठी सामाजिक कामगिरी होय. बालपणी आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहावे लागल्याने कायराच्या मनात रुजलेले सोडून दिले जाण्याचे भय आणि तिच्या आजच्या नातेसंबंधांतील अस्थिरता यांचा दुवा चित्रपटाने नेमका पकडला आहे.

तथापि जहांगीर यांची कार्यपद्धती तपासली असता ते उपचारकापेक्षा लाइफ कोचच्या जवळ जाताना दिसतात. समुद्रकिनाऱ्यावर फिरत घेतलेली सत्रे, खुर्ची निवडण्याचा दृष्टान्त, सुभाषितासारखी वाक्ये यांमुळे उपचार ही सल्ला घेण्याची सुखद क्रिया वाटू लागते. लाइफ कोच हा व्यवसाय प्रामुख्याने ध्येय व कृती यांविषयी असतो. मानसिक विकाराचे निदान व उपचार हे त्याचे क्षेत्र नव्हे. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार होते. लाइफ कोचसाठी तशी वैधानिक नोंदणी नाही. याचा अर्थ लाइफ कोच निरुपयोगी ठरतो असा नव्हे. ज्याला नोकरी बदलावयाची आहे किंवा वेळेचे नियोजन साधावयाचे आहे, त्याला अशा मार्गदर्शकाचा निश्चित लाभ होऊ शकतो. परंतु दोन भूमिकांतील सीमारेषा पुसली गेल्यास खऱ्या रुग्णाची फसगत होते.

चित्रपटाच्या शेवटी कायरा जहांगीर यांच्याविषयीची ओढ व्यक्त करते आणि ते सौजन्याने व्यावसायिक मर्यादा पाळतात. हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत जबाबदार प्रसंग म्हणावा लागेल. मात्र ती निघून गेल्यावर जहांगीर आपल्या खोलीत एकटेच उरतात. घटस्फोटित व मुलापासून दुरावलेल्या या माणसाच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, ते विचारणारे कोणी नाही.

अनुपस्थित व्यक्तिरेखा

येथे दोन्ही चित्रपटांतील समान उणीव स्पष्ट होते. जानकी आणि जहांगीर या दोघांचेही म्हणणे ऐकून घेणारी, त्यांच्या कामाची चिकित्सा करणारी व्यक्ती चित्रपटांत नाही. मानसोपचाराच्या परंपरेत हे स्थान पर्यवेक्षकाचे असते. १९२० साली स्थापन झालेल्या बर्लिन येथील मनोविश्लेषण संस्थेने प्रशिक्षणार्थ्याने अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली रुग्ण हाताळावेत, ही पद्धत रूढ केली. उपचारक कितीही निष्णात असला तरी रुग्णाविषयीच्या त्याच्या स्वतःच्या भावना त्याला स्वतःला पूर्णपणे दिसतीलच असे नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

या संदर्भात ‘इन ट्रीटमेंट’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका (२००८) तुलनेसाठी उपयुक्त ठरते. मूळ इस्रायली मालिकेवर बेतलेल्या या कथेत डॉ. पॉल वेस्टन आठवड्याचे चार दिवस रुग्णांना भेटतो आणि शुक्रवारी आपल्या जुन्या पर्यवेक्षिकेकडे, जीनाकडे जातो. लॉरा नावाची रुग्ण त्याच्या प्रेमात पडते आणि तोही तिच्याकडे ओढला जातो. जहांगीर यांनी एका प्रसंगात सोडविलेला प्रश्न येथे आठवडे चालतो. जीना त्याला अडवते, पॉल चिडतो, तिच्यावर आरोप करतो. पर्यवेक्षण म्हणजे हमखास यश असे ही मालिका सांगत नाही. उपचारकाने आपल्या कृतीचा जाब कोणाला तरी दिला पाहिजे, एवढे मात्र ती ठामपणे सांगते.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

ज्या देशात उपचारकच दुर्मीळ, तेथे पर्यवेक्षकाची अपेक्षा ही चैन नव्हे काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार विविध मानसिक विकारांत उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. त्यामुळे जानकीसारख्या सामान्य माणसाच्या मदतीवाचून गत्यंतर नाही, हे खरेच आहे.

परंतु या आक्षेपाचे उत्तर गोव्यातच सापडते. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या सहभागातून ‘मानस’ हा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाचे काम सोपविण्यात आले. त्यांच्या पाठीशी डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ होते. सरकारी केंद्रांतील रुग्णांना याचा लाभ झाल्याचे आढळले. म्हणजेच जानकीची आस्था आणि जहांगीर यांचे ज्ञान यांना जोडणारा दुवा देखरेखीचा आहे. तज्ज्ञ जितके कमी, तितकी पर्यवेक्षणाची गरज अधिक. कारण एका तज्ज्ञाचे ज्ञान अनेकांपर्यंत पोहोचविण्याचा तोच मार्ग होय.

समारोप

दोन्ही चित्रपटांचे मोल यामुळे कमी होत नाही. ‘कासव’ने उपदेशाविना सोबत करण्याची रीत दाखविली, तर ‘डिअर जिंदगी’ने उपचारकाच्या दाराशी जाण्याचा संकोच कमी केला. मात्र दोहोंतही साहाय्यक एकाकी आहे आणि त्याचे एकाकीपण हे त्याच्या थोरवीचे लक्षण म्हणून रंगविले गेले आहे. गुरूला विचारणारा कोणी नसतो, या आपल्या सांस्कृतिक धारणेशी ते सुसंगतही आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा केवळ चित्रपटसमीक्षेचा विषय नाही. मेंटॉर-मेंटी योजनेमुळे प्रत्येक अध्यापकाकडे काही विद्यार्थी सोपविले जातात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. नेमणुकीची पूर्तता कागदावर करता येईल. परंतु रात्री विद्यार्थ्याचा निर्वाणीचा फोन घेणाऱ्या अध्यापकाने दुसऱ्या दिवशी कोणाशी बोलावे आणि त्या समुपदेशकाने आपल्या शंका कोणापुढे मांडाव्यात, याची व्यवस्था झाल्याशिवाय ती मदत विद्यार्थ्यासाठी सुरक्षित ठरणार नाही. ज्याच्यावर दुसऱ्याचे दुःख ऐकण्याची जबाबदारी आहे, त्याच्या पाठीशीही ऐकणारा कोणी असणे, हे व्यावसायिक साहाय्याचे खरे वैशिष्ट्य आहे. आपल्या चित्रपटांनी आणि संस्थांनी अद्याप त्याला पुरेशी जागा दिलेली नाही.